पॉवर टिलर वीस मिनिटांनी बंद पडतो: गोराईच्या वाडीतली चार महिन्यांची शोधाशोध

दुखणं आधी सांगतो. ज्यांचं हेच आहे त्यांनी पुढे वाचावं, बाकीच्यांनी वेळ वाचवावा. जुना, एका सिलिंडरचा, हँडल मारून चालू करायचा डिझेल पॉवर टिलर. सकाळी थंड असताना दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हँडलला पेटतो. वीस-पंचवीस मिनिटं तक्रारीला जागा नाही. मग आवाज बदलतो. ठोके मागेपुढे पडायला लागतात, इंजिन एकदा चढतं, एकदा बसतं, थ्रॉटल वाढवला तर जास्तच गुदमरतं आणि शेवटी चार आचके देऊन गप्प. लगेच हँडल मारलं तर नुसतं फिरतं. अर्धा तास थांबून एअर काढली की पुन्हा पहिल्यासारखं, आणि पुन्हा वीस मिनिटं. फिल्टर बदलला की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी तेच.

उत्तर खाली मधेच कुठेतरी आहे. मला ते सापडायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी लागले, तुम्हाला चहा संपेपर्यंत मिळेल.

टिलर अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. 1996 मध्ये त्यांनी तो वसईच्या एका बागायतदाराकडून जुनाच घेतला आणि टेम्पोत घालून घोडबंदर, भाईंदर, उत्तन असा वळसा मारून गोराईला आणला. आम्ही मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत राहतो, पण बोरिवलीला जायचं तर खाडी बोटीने ओलांडायची, नाहीतर भाईंदरवरून फिरून यायचं. त्यामुळे आमच्याकडे एखादं यंत्र आलं की ते इथेच म्हातारं होतं. खाडीपलीकडे कांदिवलीला महिंद्राच्या कारखान्यात साठच्या दशकापासून ट्रॅक्टर बनत होते, बी-275 वगैरे, पण आमच्या बारा गुंठ्यांच्या वाडीची वाट दोन माडांच्या मधून जाते. ट्रॅक्टर आत घुसला असता तरी विहिरीपाशी वळला नसता. म्हणून टिलर.

इंजिनावरची पाटी कधीच गंजून गेली. 'एचपी' एवढी दोन अक्षरं वाचता येतात, आकडा नाही. पावसाळ्यात लोखंडी चाकं लावून चिखलणी, भात निघालं की रोटर लावून भाजीची जमीन. लाल माठ, मुळा, वांगी, वालाच्या शेंगा. पहाटे चारला अण्णा टिलरला ट्रॉली जोडायचे आणि भाजी जेट्टीवर न्यायचे. आई पाट्यांवर ओलं गोणपाट टाकून मधे बसायची, मी आणि धाकटी बहीण मागे पाय सोडून. तिला ट्रॉलीत झोप लागायची आणि जेट्टीवर इंजिन बंद झालं की जाग यायची. आवाजाने नाही, आवाज थांबल्याने.

मुठींवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे. डावी मूठ जास्त झिजली, कारण विहिरीपाशी वळण नेहमी डावीकडे घ्यावं लागतं आणि डावा क्लच दाबून धरावा लागतो. त्या ट्यूबवर चार बोटांच्या खाचा पडल्यात. माझी बोटं त्यांत बसत नाहीत, करंगळी बाहेर राहते.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. इंजिन लागलं, ठोके बसले, की अण्णा उजवा हात टाकीच्या झाकणावर ठेवायचे, क्षणभरच, आणि मग क्लच सोडायचे. संध्याकाळी इंजिन बंद केल्यावरही तेच. मी सातवीत असेन तेव्हापासून बघत आलोय. खंडेनवमीला टिलरची पूजा व्हायची आणि झेंडूचा हार टाकीलाच घातला जायचा, त्यामुळे हा नमस्कार आहे हे आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. बहीण तर त्याची नक्कल करून पाहुण्यांना दाखवायची. अण्णांनी कधी खुलासा केला नाही. ते एकूणच कमी बोलायचे.

2016 मध्ये अण्णा गेले. माझी नोकरी बोरिवलीत, वाडी आईच्या जिवावर. टिलर पडवीला लागून असलेल्या छपराखाली उभा राहिला तो सात पावसाळे. छपराचं निम्मं पत्र्याचं पान दुसऱ्याच पावसात उडालं होतं.

2023 च्या मेमध्ये मी तो बाहेर काढला. फ्लायव्हील हलेना. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं वाटीभर ओतलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. रोज सकाळी फ्लायव्हील मागेपुढे नुसती डोलवायची, जोर लावायचा नाही. जोर लावला की रिंग तुटते. पाचव्या दिवशी ती गपकन सुटली. नोझल परत बसवण्याआधी सिलिंडरमधलं ते सगळं हँडल फिरवून बाहेर काढायचं विसरू नका, नाहीतर पिस्टन वर येताना तेल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल बदललं, पट्टे नवे घातले, एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल म्हणजे नुसता डांबर झाला होता, ते धुतलं.

टाकीत जुनं डिझेल अर्ध्यावर होतं. काळपट, चिकट, व्हार्निशसारखा वास. ते काढून टाकी डिझेलनेच तीनदा विसळली. आतून बघितलं तर गंजाचा मागमूस नाही आणि पाण्याचा एक थेंब नाही. फुटक्या छपराखाली सात पावसाळे उभ्या असलेल्या टाकीत पाणी नाही! मी तेव्हा खूश झालो. तिथेच शंका यायला हवी होती. झाकणातला रबराचा वायसर कडक होऊन तडकला होता, तोही मी नवा घातला, जाड, छान बसणारा. हा वायसर लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या आधी टिलर चालू झाला. आई वरच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही, आत गेली, चहा टाकला. मी झाकणावर हात ठेवून अण्णांसारखा नमस्कार केला आणि क्लच सोडला. तेविसाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं.

पहिला संशय अर्थातच एअरचा. डिझेल इंजिन बंद पडलं की निम्म्या वेळा पाइपात हवा शिरलेली असते, म्हणून उपाय सांगून ठेवतो. कॉक उघडा. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा. आधी फेसाळ डिझेल येईल, मग बुडबुडे संपून सरळ धार येईल, तेव्हा आवळा. मग पंपाच्या तोंडाशी तेच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड पाइपचा नट सैल करून, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर दाबून हँडल फिरवा. तिथे डिझेल पिचकारीसारखं ठिबकायला लागलं की आवळा. क्रम टाकीकडून नोझलकडेच, उलटा नाही. आणि नोझल बाहेर काढून तपासत असाल तर त्याच्या तोंडासमोर बोट धरायचं नाही. तो फवारा कातडीतून आत जातो, आणि मग प्रकरण हॉस्पिटलचं. हँडल मारतानाही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती नाही. उलटा झटका आला तर हँडल हातातून सुटून जायला हवं, मनगट घेऊन नाही.

तर, एअर निघायची. दर वेळी निघायची. आमच्याकडे येणारे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, कुठूनतरी हवा ओढतोय. वायसर बदला." मी नागदेवीला गेलो. मशिद बंदर स्टेशनला उतरून त्या गल्लीत शिरलं की बेअरिंग, होज, नटबोल्ट, पंपाचे भाग, सगळं ओळीने. दुकानदाराने जुना तांब्याचा वायसर दोन बोटांत धरून बघितला आणि माप न घेता तशीच डझनभर जोडी काढून दिली. परतीच्या बोटीत खिशातली पुडी मी चार वेळा चाचपली. समोर पॅगोडाचा सोनेरी कळस उन्हात नुसता तळपत होता आणि माझ्या डोक्यात बँजो बोल्ट, म्हणजे डिझेलचे पाइप जोडणारे पोकळ बोल्ट.

वायसर बदलले. दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी बंद.

मग फिल्टर. दोन दिवस झकास, तिसऱ्या दिवशी बंद. मग पाइप. तेच. मिस्त्री म्हणाले पंपाचा प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, गेला असेल, बाहेर देऊन करून घ्यावा लागेल. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आई म्हणाली, एवढ्यात तर माणसं लावून सगळी वाडी खणून होईल. तिचं गणित चुकीचं नव्हतं. पण मला ते आवडलं नाही.

इथे मला एक सुचलं. ते मी आधीच करायला हवं होतं आणि कुठलंही परत परत येणारं दुखणं असेल तर पहिल्या दिवसापासून करावं असं माझं मत आहे: वेळ लिहून ठेवणं. छपराच्या लाकडी खांबावर खडूने लिहायला लागलो. तारीख, किती मिनिटं चाललं, ऊन की सावली, रोटर जमिनीत की वर, आणि टाकीत डिझेल किती. डिझेल बघायचं साधन आमच्याकडे माडाची हीर. टाकीत बुडवायची, बोटं मोजायची. मिस्त्रीसुद्धा इंजिन बंद पडलं की आधी झाकण उघडून हीर बुडवायचे आणि म्हणायचे, "डिझेल तर आहे."

जानेवारीत एका रविवारी सगळी वाडी एकदमच उलथायची म्हणून मी टाकी काठोकाठ भरली. सहाव्या मिनिटाला बंद. परत एअर काढली, परत चालू, आठव्या मिनिटाला बंद. त्या दिवशी मी टिलरला जे बोललो ते आईने ऐकलं नाही असं मी समजतो.

संध्याकाळी खांबासमोर बसलो. ऊन-सावलीचा काही मेळ नव्हता, रोटरचाही नाही. पण टाकी भरलेली असेल तेव्हा सहा, आठ, सात. निम्मी असेल तेव्हा एकवीस, चोवीस, तेवीस. आणि तळाला तीन बोटं डिझेल असेल तेव्हा चाळीसच्या वर. फिल्टर, वायसर, पाइप, ज्या ज्या दिवशी बदलले त्या त्या दिवशी टाकी रिकामी करून नंतर फक्त दोन-तीन लिटर घातलं होतं. म्हणजे 'दोन दिवस झकास' हे फिल्टरमुळे नव्हतं, कमी डिझेलमुळे होतं. डिझेल जितकं जास्त तितकं इंजिन लवकर उपाशी. हे ऐकायला उलटं वाटतं, आणि नेमकं म्हणूनच ते खरं कारण निघालं.

दुसऱ्या रविवारी टाकी भरून चालू केलं आणि शेजारी उभा राहिलो. सातव्या मिनिटाला ठोके चुकायला लागले. थ्रॉटलला हात लावला नाही. झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली, मला बोटांना ओढ जाणवली, आणि पाच-सहा ठोक्यांत इंजिन सावरलं. झाकण नुसतं वर ठेवून दिलं. टिलर दीड तास चालला.

गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटगट करत अडतं, म्हणून खिळ्याने समोर दुसरं भोक पाडतात. एवढंच आहे हे. टाकी इंजिनाच्या वर असते आणि डिझेल आपल्या वजनाने खाली येतं. जेवढं डिझेल खाली गेलं तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते, आणि ती ओढ डिझेलच्या वजनाला पुरून उरली की पुरवठा थांबतो. टाकी रिकामी असेल तर वरची हवा बरीच असते, ती ताणली जायला वेळ लागतो. काठोकाठ भरली असेल तर हवा चमचाभर, ती लगेच ताणली जाते. म्हणून सहा मिनिटं आणि चाळीस मिनिटं. मी घातलेल्या नव्या जाड वायसरने उरलीसुरली फटही बंद केली होती.

आणि मिस्त्रींना दिसणारी एअर? ती खरीच होती. पाइपात ओढ बसली की जिथे एरवी डिझेलचा थेंबही गळत नाही अशा जोडातूनसुद्धा हवा आत शिरते. एअर हे कारण नव्हतं, परिणाम होता. शिवाय एअर काढायच्या आधी आम्ही दर वेळी झाकण उघडून हीर बुडवत होतो. इलाज तिथेच होत होता आणि श्रेय स्क्रूला मिळत होतं. मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझी एवढी वर्षं गेली." त्या दिवसाची मजुरी त्यांनी घेतली नाही. मी दिली, त्यांनी नारळ घेतले.

झाकण उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला मधोमध वाटाण्याएवढा राखाडी गोळा. वर तेलाचं काळं पुट चढलेलं, त्यामुळे धुतानाही तो झाकणाचाच भाग वाटला होता. नखाने खरवडला तर एम-सील. गोळ्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता, रेषांसकट. आपण मळून दाबतो आणि अंगठ्याने वरून सारखं करतो, तसा.

मी झाकण तसंच घेऊन आईकडे गेलो. ती वाल सोलत होती.

"हे कुणी बुजवलं?"

तिने हात पुसले, झाकण उजेडात धरलं. "यांनीच. त्या पुरानंतर."

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला ती तारीख मुंबईत कुणाला सांगावी लागत नाही. आमच्या वाडीत कमरेएवढं पाणी होतं आणि टिलर त्यात. मला आठवत होतं ते एवढंच की अण्णांनी तीन वेळा इंजिन ऑइल बदललं आणि तीनही वेळा ते पांढरट, ताकासारखं निघालं. टाकीत पाणी कुठून गेलं हे मी कधी विचारलं नव्हतं. झाकणाच्या भोकातून गेलं होतं.

"अगं, पण भोक बुजवलं तर इंजिन चालणार कसं?"

"चालवताना सैल करायचे. बंद केलं की घट्ट." तिने हवेत मनगट वळवून दाखवलं, अर्धा आटा. "तुम्ही दोघं नाही का म्हणायचात, नमस्कार करतात म्हणून."

म्हणजे ऑक्टोबरपासून मी रोज सकाळी नेमक्या त्या झाकणावर, नेमक्या त्या वेळी, हात ठेवत होतो. फक्त फिरवत नव्हतो.

बहिणीला फोन केला. ती आधी हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ते एम-सील टाकू नकोस.

आता दुरुस्ती. झाकण टाकीपासून लांब नेलं आणि पेट्रोल-डिझेलजवळ ड्रिल चालवायचं नाही म्हणून दीड मिलिमीटरचं बिट हातानेच फिरवत मूळचं भोक मोकळं केलं. गोळा अख्खा निघाला नाही, पण ठशाची बाजू निघाली. ती आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. झाकण धुऊन तोंडाने फुंकून बघितलं, हवा आरपार जाते. तुम्हीही फुंकून बघा. भोक दिसतंय म्हणजे मोकळं आहे असं नाही. काही झाकणांत भोकाच्या वर आणखी एक पत्रा असतो आणि हवा वळसा घेऊन येते. त्या वळशात गांधीलमाशीने मातीचं घर केलेलं मी दुसऱ्याच्या टिलरवर नंतर बघितलं. आणि बाजारातून नवं झाकण आणणार असाल तर आटे जुळतात एवढ्यावर समाधान मानू नका. बिनभोकाची झाकणंही त्याच मापात मिळतात.

झाकण उघडूनही इंजिन सावरलं नाही, तर दुखणं दुसरं आहे. मग असं करा: झाकण उघडंच ठेवून फिल्टरपाशी पाइप सोडा, धार बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं बघत राहा. धार सुरुवातीला जाड आणि हळूहळू बारीक होत गेली तर कॉकच्या आत असलेली जाळी चोंदली आहे. गाळ आधी जाळीवर येऊन बसतो, इंजिन बंद पडलं की तो निवांत खाली बसतो, म्हणून अर्ध्या तासाने परत चालू. लक्षण अगदी झाकणासारखंच, फक्त टाकी भरली-रिकामीचा हिशोब जुळत नाही. जुन्या रबरी पाइपाचं आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं आडवं येतं, तेही बघा. पाइप बाहेरून नवाकोरा दिसतो. पाच मिनिटं धार एकसारखी असेल तर टाकीकडची बाजू सोडून द्या.

बंद कसं पडतं यावरूनही बरंच कळतं. डिझेल कमी पडून बंद पडणारं इंजिन चढ-उतार करत, काळा धूर न सोडता विझतं. काळा धूर असेल तर हवा कमी नाहीतर ओझं जास्त. एअर क्लीनर धुवा, रोटर वर घ्या. धूर नाही, चढ-उतार नाही, फक्त ताकद कमी होत होत थांबलं, तर गरम असतानाच हँडल हाताने फिरवून बघा. एरवी दाब लागतो तो लागत नसेल, तर व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट घट्ट आहेत आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. हँडल फिरतच नसेल तर घाई करू नका. पिस्टन तापून धरला आहे, आपोआप थंड होऊ द्या, वरून गार पाणी ओतलंत तर हेड तडकेल. आमच्या इंजिनाला रेडिएटर नाही, वर उघडा हॉपर, म्हणजे गार ठेवायच्या पाण्याचं भांडं आहे. त्यातलं पाणी उकळणं आणि वाफ येणं नेहमीचंच, फक्त पातळी खाली गेलेली चालत नाही.

आमचा प्लंजर उत्तम आहे. तो बाहेर पाठवला असता तर करून आला असता, टाकी रिकामी करून दोन लिटर डिझेल घातलं असतं, दोन दिवस झकास चाललं असतं.

आता प्रश्न उरला पावसाचा, कारण अण्णांनी भोक उगाच नव्हतं बुजवलं. गोराईत आडवा पाऊस येतो, छपराला जुमानत नाही. प्लास्टिकची पिशवी बांधून बघितली तर आत घाम धरतो आणि तेच पाणी भोकातून आत. शेवटी नारळाची अर्धी करवंटी झाकणावर पालथी घातली. बरोबर बसते, हवा खेळती राहते, पाणी बाजूने ओघळतं. अडचण एकच. आई सकाळी पाण्याचा बंब पेटवायला बाहेर येते आणि हाताशी सुकी करवंटी दिसली की उचलते. दोन गेल्या. तिसरी मी तारेने टाकीला बांधली आहे.